सगुणाला हात लावायचा वार

"परत ओकली," मी म्हणाले.

बेडकिहाळे सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. सोमवारची सकाळ होती. सोमवारी आमचं सर्पोद्यान लोकांसाठी बंद असायचं, त्यामुळे सर ऑफिसात निवांत पोहे खात बसले होते. त्यांनी बशी हळूच लांब सरकवली.

"कोण? सगुणा?"

मनात आलं, म्हणावं, नाही, मी. पण रोजंदारीवरच्या बाईनं मनातलं मनातच ठेवायचं असतं.

"सगुणाच. अख्खी कोंबडी बाहेर. पिसांसकट."

सरांनी रजिस्टर ओढलं, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'अजगर मादी, अपचन.' त्याच पानावर वर आणखी तीनदा 'अपचन' लिहिलेलं मला उलटं वाचता येत होतं. सातवीपर्यंत शिकले होते मी. उलटं वाचायला मात्र नंतर शिकले, ऑफिसं झाडता झाडता.

"डॉक्टरांना निरोप देतो," सर म्हणाले. "टॉनिक पाजतील."

"सर, टॉनिकचं राहू द्या. मला काहीतरी बोलायचंय."

"बोला की."

"इथं नाही. झाडूच्या खोलीत चला."

सर बिचारे सज्जन. निवृत्त शिक्षक, आयुष्यभर पोरांना बेडूक फाडायला शिकवलेले. झाडूच्या खोलीत काय बोलायचं असेल, या विचारानं त्यांचा चेहरा असा झाला, की मला हसू आवरेना.

"भिंतीवर आहे ते," मी म्हणाले. "म्हणून चला म्हणतेय."

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. गुरवाच्या माळावर आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेनं सर्पोद्यान काढलं होतं. मध्ये नाग-घोणसांचा गोल हौद, भोवतीनं काचेच्या पेट्या, आणि शेवटाला सगुणाची खोली. लोखंडी जाळी, सिमेंटची पाण्याची टाकी, एक वाळलेलं झाड आणि तिला आत शिरून पडायला लाकडी खोका. दहा फूट लांब होती सगुणा. मला तिथं काम मिळालं, कारण सापांची घाण काढायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. आमचे हे म्हणाले, "जा. पण अंघोळ करूनच घरात ये." दीड वर्षापासून मी दिवसातून दोनदा अंघोळ करत होते.

सगुणाला आणलं होतं दौलूमामांनी. दौलत नाईक. सर्पोद्यानातले साप हाताळणारे तेच एक. ऊस तोडताना फडात सापडली तेव्हा ती त्यांच्या मनगटाएवढी होती. लोक कोयते घेऊन उभे होते. मामांनी तिला धोतरात गुंडाळून सायकलवरून आणली, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून ती मामांची. दर पंधरा दिवसांनी शनिवारी, बाजाराच्या दिवशी, मामा कोंबडीवाल्या दस्तगीरच्या टोपलीतून स्वतः कोंबडी निवडून आणायचे, संध्याकाळी तिला घालायचे आणि ती गिळेपर्यंत जाळीसमोर उकिडवे बसून राहायचे. मध्ये कुणी बोललं तर म्हणायचे, "जेवाय बसलंय मानूस, दिसत न्हाई व्हय."

आणि रविवारी मामा राजा असायचे.

रविवारी ते धुतलेली पांढरी पैरण घालून यायचे आणि सगुणाला बाहेर काढायचे. माळावरच्या खंडोबाला आलेली नवी जोडपी आधी देवाला जायची आणि मग आमच्याकडे. नवरा-नवरी शेजारी उभी करायची, दोघांच्या खांद्यावरून सगुणा टाकायची आणि फोटो काढायचा. म्हणे संसार घट्ट राहतो. ही प्रथा कुठल्या पोथीतली, असं मी एकदा मामांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या." एका पेपरात असा एक फोटो छापून आल्यापासून तर लग्नसराईत रविवारी तीस-तीस जोडपी व्हायची. ज्यांची लग्नं जुनी झाली होती, तीही यायची. त्यांना जास्त गरज.

तर झाडूच्या खोलीत, फिनाइलच्या डब्यांच्या वर, मी एक कॅलेंडर टांगलं होतं. सर त्याच्यापुढे उभे राहिले.

"हे गोल काय?"

"कोंबडी घातली तो शनिवार."

"आणि फुल्या?"

"ओकली तो सोमवार."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि जवळ जाऊन मोजलं. चार महिने, आठ गोल, सहा फुल्या.

"बरं," ते म्हणाले. "दोनदा नाही ओकली."

"हो. त्या दोनदाचंच सांगायचंय. हा रविवार बघा, हा मतदानाचा. उद्यान बंद होतं. आणि हा दुसरा, मामा भाचीच्या लग्नाला गेले होते तो. त्या दोन रविवारी तिला कुणी बाहेर काढलं नाही."

सर बोटानं एकेक चौकोन चाचपत राहिले.

"शनिवारी जेवते," मी म्हणाले. "पोटात अख्खी कोंबडी. आणि रविवारी आपण तिला तीस जोडप्यांच्या गळ्यात घालतो. आपल्याला कुणी श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर उलटंसुलटं टांगलं, तर आपलं काय होईल?"

"दीड वर्षात बोलला नाहीत कधी?"

"ओकली, हे दर वेळी सांगत होते. का ओकली, हे कुणी विचारलं नाही. आणि मलाही कुठं ठाऊक होतं? चार महिन्यांपूर्वी कॅलेंडर फुकट मिळालं, तेव्हा खुणा करायला लागले."

सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. त्यांना काय दिसत होतं, ते मला कळत होतं. सगुणा वाळत चालली होती. पाठीचा कणा वर आला होता, कातडी सैल पडली होती. आदल्या महिन्यात खोक्यासकट काट्यावर ठेवली, तर खोका वजा जाता अकरा किलो भरली. दोन वर्षांपूर्वी चौदा होती. टॉनिक पाजायचं म्हणजे चौघांनी तिला धरायचं, गुरांच्या डॉक्टरांनी जबडा उघडून नळी घालायची, आणि त्यानंतर ती तीन दिवस टाकीतून बाहेर यायची नाही. हे असंच चाललं तर पुढचा उन्हाळा ती काढत नव्हती.

"मामांना कोण सांगणार?" सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सर माझे वरिष्ठ होते, त्यामुळे ते काम मलाच करावं लागलं.

मंगळवारी मामा आले, तेव्हा मी चहा करून नेला. कॅलेंडरही काढून नेलं. मामांनी चहा घेतला, कॅलेंडर घेतलं नाही.

"दस्तगीर म्हातारी कोंबडी देतोय," ते म्हणाले. "चिवट. तुमालाबी पचनार न्हाई."

"मामा, मग या दोन वेळेला कशी पचली? कोंबड्या दस्तगीरच्याच होत्या."

"त्या तलंगा असतील. कवळ्या."

"मामा."

"माले, मला साप शिकवू नगंस." कप खाली ठेवून त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे पसरले. करंगळी वाकडी झालेली, अंगठ्यावर जुना पांढरा वण. "चाळीस वर्षं ह्या हातानं साप धरल्यात. साप हातात ऱ्हायला पायजे. रोज. आठ दिस हात लावला न्हाईस तर त्यो वळख इसरतो. महिना लावला न्हाईस तर रानटी हुतो. मग तू आत झाडाय जाशील, आन् ती तुझ्या दंडाला इळखा घालंल. तवा कॅलेंडर दाखव तिला."

"मी रोज हात लावू नका म्हणत नाहीये. जेवल्यावर..."

"जेवल्यावर काय? पोरगी आपलीच हाय. आपल्या पोराला जेवल्यावर उचलून घेत न्हाईस?"

याचं उत्तर मला नंतर सुचलं, पण नंतरचं उत्तर काय कामाचं.

शेवटी सरांनी तोड काढली. चार कोंबड्या, म्हणजे दोन महिने, सगुणाला कुणीही हात लावायचा नाही. मामांनीही नाही. चारही पचल्या, तर पुढचा नियम मी म्हणते तसा, जेवल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. एक जरी ओकली, तर पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

"आन् ही?" मामांनी माझ्याकडे हनुवटी केली. "ही तोंड बंद ठेवनार का मग?"

"ठेवेन," मी म्हणाले.

"न्हाई. तोंडाचं मला खरं वाटत न्हाई. सगुणाची खोली दुसऱ्याला द्यायची. तू हौद झाड, कचेरी झाड. तिकडं फिरकायचं न्हाई."

सर म्हणाले, "मामा, एवढं कशाला?"

"कबूल," मी म्हणाले. माझा आवाज जरा वर चढला, ते मलाच ऐकू आलं. त्या खोलीखेरीज सर्पोद्यानात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. ते मामांना बरोबर ठाऊक होतं.

पहिली कोंबडी पचली. सोमवारी मी दार उघडलं, तेव्हा पायाखाली काही नव्हतं. फरशी कोरडी. मी खराटा घेऊन उभीच राहिले. झाडायला काही नाही, याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पण रविवार मात्र अवघड गेला. जोडपी यायची, विचारायची, "अजगर कुठं?" मामा धुतलेली पैरण घालून दाराशी बसलेले असायचे. हातात धामण घेऊन फिरायचे. पण धामणीनं संसार घट्ट होतो, यावर कुणाचा विश्वास बसेना. एका नवरदेवानं तर विचारलं, "एवढीशी? हिनं काय होणार?" मामांनी धामण पेटीत ठेवली आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा चहा बंद केला. स्वतः करून प्यायचे, साखर जास्त झाली तरी.

दुसरी कोंबडी पचली, तेव्हा मी सरांना सांगायला पळत गेले. तिसरी पचली, तेव्हा सर स्वतःच सोमवारी आठ वाजता खोलीच्या दारात येऊन उभे होते. मामांना मी काही सांगितलं नाही. सरांनी सांगितलं. मामा म्हणाले, "अजून एक हाय."

पण मी बघत होते. कोंबडी घालायच्या शनिवारी ते अजूनही जाळीसमोर उकिडवे बसायचे. ती गिळत असताना त्यांची बोटं धोतरावर आपोआप हलायची, जणू तिच्या पाठीवरूनच फिरताहेत. दोन महिने त्या माणसानं तिला हात लावला नव्हता. मला सांगायला कुणी नव्हतं की बाई, तू कोंबडीचा विचार करतेस, या माणसाचा कर. मी केला. पण कॅलेंडर काही उतरवलं नाही.

चौथी कोंबडी शनिवारी घातली. सगुणानं ती दहा मिनिटांत घेतली. इतक्या झटकन मी तिला कधी खाताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी साडेअकराला, संस्थेच्या अध्यक्षांची जीप फाटकातून आत आली.

अण्णासाहेब मगदूम. सर्पोद्यान त्यांच्या वडिलांच्या नावानं होतं. जीपमधून आधी त्यांची धाकटी विशाखा उतरली, हिरवा चुडा कोपरापर्यंत. मागून जावई. चार दिवसांपूर्वीच लग्न झालेलं, देवाला जाऊन आलेले. जावयाच्या कपाळावरचा भंडारा घामानं नाकावर उतरला होता. त्यांच्यामागे व्याही, विहीणबाई आणि कॅमेरा गळ्यात अडकवलेला कुणी एक जण.

"दौलू," अण्णांनी हाक मारली. "काढ रे तिला. जावयांना फक्त अर्ध्या तासाचा वेळ आहे. मिरजेला जेवायला पोचायचंय."

सर धावत आले. त्यांनी अण्णांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. अण्णांच्या कपाळावर आठी आली, मग दुसरी.

"कुणी ठरवलं हे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खोलीच्या दारात होते, हातात खराटा, पदर खोचलेला. दार माझ्या पाठीशी होतं. तशी मी तिथं झाडत होते म्हणूनच उभी होते. पण मग हलले नाही.

"ए बाई," अण्णा म्हणाले. "सर काय म्हणताहेत? तू काय केलंस?"

"काही नाही केलं, अण्णा. काल जेवलीय ती. आज हात लावला तर ओकेल."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. मी पुसते."

कॅमेरावाला हसला. जावईबापूंनी रुमालानं नाक पुसलं, आणि व्याही माझ्याकडून अण्णांकडं, अण्णांकडून माझ्याकडं बघू लागले. लग्नात मानपान नीट झाला की नाही, हे अजून ठरायचं असताना आपल्याच संस्थेतली झाडूवाली जावयाची वाट अडवते, हे अण्णांच्या जागी मी असते तर मलाही सोसलं नसतं.

"बाजूला हो," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस म्हणायची वेळ आणू नकोस माझ्यावर. दौलू."

मामा पुढे आले. पांढरी पैरण, हातात काठी. त्यांनी अण्णांकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंच नाही. "सरक, माले," म्हणाले.

मी सरकले. आता विचार करते, तेव्हा वाटतं, का सरकले? पण दोन महिने त्यांना लांब ठेवलं होतं, आणखी किती ठेवणार होते? आता मामांना फक्त तिला उचलायचं होतं. अध्यक्षांचा हुकूम होता, दोष त्यांच्यावर आला नसता. सोमवारी सगुणा ओकली असती, चौथी कोंबडी फुकट गेली असती आणि मामा जिंकले असते. मग रोज हातात, रविवारी राजा, आणि मी हौदाकडे. हे सगळं मला त्या एका क्षणात स्वच्छ दिसलं, आणि मामांनाही दिसत असणार. माझ्यापेक्षा ते जास्त हुशार होते.

मामांनी काठी दाराशी टेकवली आणि आत गेले. खोक्याचं झाकण उचललं. आम्ही सगळे जाळीला चिकटून उभे.

सगुणा वेटोळं करून पडली होती. दोन महिन्यांनी माणसाचा हात खोक्यात आला. तिनं डोकं उचललं. मामा थांबले. इतके महिने मी त्यांना साप धरताना बघत होते, पण थांबलेले त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. तिची जीभ दोनदा-तीनदा त्यांच्या मनगटाजवळ लवलवली. मग तिनं डोकं पुन्हा आपल्या वेटोळ्यावर ठेवलं, जसं काही काल-परवाच भेटले होते.

ओळख विसरली नव्हती.

मामांचा हात तिच्या पाठीवरून हळूहळू मागे गेला. मधल्या फुगीर जागेवर आला. तिथं थांबला. किती वेळ, कुणास ठाऊक. विहीणबाई म्हणाल्या, "काढताहेत ना?" मामांनी तळवा तिथंच ठेवला होता, आणि मान खाली होती. मला फक्त त्यांच्या मानेवरची नस दिसत होती.

मग त्यांनी हात काढून घेतला, झाकण लावलं आणि रिकामे बाहेर आले.

"अण्णा," ते म्हणाले, "आज न्हाई."

"दौलू, तू पण?"

"जेवलीय ती. गच्च हाय पोट."

"अरे, आमच्या थोरलीच्या लग्नात टाकली होतीस की गळ्यात. तेव्हाही रविवारच होता. फोटो लावलाय घरात."

"टाकली," मामा म्हणाले. "थोरल्या ताईसायबांच्या गळ्यात टाकली. अशा कितीकांच्या टाकली, त्याचं मोजमाप न्हाई. आन् ती दर येळंला ओकत हुती, अण्णा. मला दिसलं न्हाई. सोमवारी माझी सुट्टी असती."

कॅमेरावाल्यानं उचललेला कॅमेरा खाली घेतला.

"ह्या बाईनं पुसलं," मामा म्हणाले. अजूनही त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं. ते अण्णांच्या जावयाशीच बोलत होते, जणू पाहुण्याला घर दाखवावं तसं. "दीड वरीस पुसलं. मग मला सांगाय आली, तर मी हिलाच साप शिकवाय बसलो. जावईबापू, मी सगुणाला फडातनं आनली तवा अशी हुती." त्यांनी मनगट दाखवलं. "मी म्हनायचो, मी वाचवली. वाचवली आन् मग दर पंधरवड्याला उपाशी ठेवली. आपल्याच हातानं. मला कुनी आधी का सांगितलं न्हाई, तर मी कुनाचं ऐकलं नसतं."

बेडकिहाळे सर जमिनीकडे बघत होते. त्यांच्या रजिस्टरातली 'अपचनं' त्यांना आठवत असावीत.

मी आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली. आपलं चुकलं असं एकट्यात म्हणणारी बघितली, मरताना म्हणणारी बघितली. पण ज्या गोष्टीवर आपलं नाव उभं आहे, तीच गोष्ट अध्यक्षांपुढे, व्याह्यांपुढे, कॅमेरावाल्यापुढे, पांढरीशुभ्र पैरण घालून मोडणारा माणूस मी एकच बघितला. नंतर सर्पोद्यानात माझी नोकरी कायम झाली, जाळीवर नियमाची पाटी लागली, दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक येऊन पाटीवरचा मजकूर लिहून घेऊन गेले. लोक मला विचारतात, तुम्हाला अभिमान कशाचा वाटतो? मी पाटीचं सांगते. सांगायला ती बरी असते.

अण्णा थोडा वेळ जाळीतून खोक्याकडे बघत राहिले. विशाखा पुढे झाली. "अण्णा, राहू द्या ना," ती म्हणाली. "मलाही नवीन घरात दोन दिवसांत सतरा जणांनी उचलून बघितलंय. मला कळतं." विहीणबाईंना हसावं की रागवावं ते कळेना, आणि जावई पहिल्यांदा मनापासून हसला.

अण्णांच्याही मिशीखाली काहीतरी हललं.

"बरं," ते म्हणाले. "पण फोटो तर पाहिजेच. मग कधी आणू यांना, दौलू?"

मामा काठीच्या टोकाची माती झाडत होते.

"मला नगा इचारू," ते म्हणाले. "तिला इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी खराटा भिंतीला लावला. खोचलेला पदर सोडला, हातावर पाणी घेतलं. उगीच वेळ काढत होते मी. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू येत होतं आणि अध्यक्षांपुढे रडायचं नव्हतं.

"पुढच्या रविवारी या," मी म्हणाले. "आज जेवून दुसरा दिवस आहे, तेव्हा नववा असेल. सकाळी दहाला या, गर्दी व्हायच्या आत. धरायला मामा असतील. दोघांनी उभं राहायचं, पाच मिनिटं. मी बास म्हणाले की बास."

"पाच मिनिटं?" व्याही म्हणाले. "एवढ्यासाठी मिरजेहून यायचं?"

"न आलात तरी चालेल," मी म्हणाले. "तिची काही हरकत नाही."

मामा खोकल्यासारखं हसले.

अण्णांनी व्याह्यांकडे बघितलं नाही. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पेन उघडलं, जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहायला लागले. मी जवळच उभी होते. सवयीनं उलटं वाचलं. रविवार, दहा वाजता. त्याच्यापुढे पेन जरा अडखळलं. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"